फॉलोअर इंडेक्स पुन्हा पुन्हा अडकतो? आधी लीडरची तयारी तपासा

इलॅस्टिकसर्च म्हणजे डेटा साठवून त्यात सर्च करून देणारी यंत्रणा, आणि क्लस्टर म्हणजे ती मिळून चालवणाऱ्या सर्व्हरांचा, म्हणजे नोडांचा, गट. अशा दोन क्लस्टरांमध्ये क्रॉस-क्लस्टर रेप्लिकेशन, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं सीसीआर, लावलं की सुरुवातीला सगळं छान चालतं. मूळ डेटाचा साठा (इंडेक्स) तो लीडर, आणि पलीकडच्या क्लस्टरवर आपोआप होत राहणारी त्याची प्रत तो फॉलोअर. मग एक दिवस फॉलोअर मागे पडतो. कोणीतरी तो डिलीट करून नव्याने बनवतं, गाडी सुरू होते आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. हा बिघाड मी वेगवेगळ्या टीमांसाठी इतक्या वेळा निस्तरलाय की फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फॉलोअर अजून डिलीट केला नाहीये ना?" तो उडवला की बिघाडाचे आकडेही त्याच्याबरोबर जातात, आणि शिवाय सगळा डेटा नेटवर्कवरून पुन्हा ओढावा लागतो. सगळ्यात महागडा उपाय सगळ्यात आधी करून मोकळं व्हायची ही सवय काही सुटत नाही.

माझं मत असं की यात रेप्लिकेशनचा दोष क्वचितच असतो. लीडर इंडेक्स तयार करताना काहीतरी राहून गेलेलं असतं आणि ते उशिरा उघडकीला येतं. म्हणून खालच्या तपासण्या त्याच नजरेने लावल्या आहेत, फुकटातल्या आधी आणि खर्चिक शेवटी. एपीआय, सेटिंग आणि एररची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; टाइप करताना स्पेलिंग अधिकृत डॉक्युमेंटेशनमधून घ्या.

लक्षणं

यातलं एक जरी जुळलं तरी पुढे वाचा:

- लीडरवर आलेलं डॉक्युमेंट फॉलोअरवर सापडत नाही, किंवा फार उशिरा सापडतं. क्लस्टर हेल्थ मात्र दोन्हीकडे हिरवी.
- लीडरवर नवा इंडेक्स बनला, पण ऑटो-फॉलो (ठरलेल्या नावांच्या नव्या इंडेक्सांना आपोआप फॉलोअर बनवणारी सोय) असूनही पलीकडे त्याचा फॉलोअर बनलाच नाही.
- लिंक काही काळ तुटली होती. ती परत आली, पण रेप्लिकेशन परत आलं नाही.
- डॉक्युमेंटची संख्या दोन्हीकडे जुळते, पण एकाच सर्चला दोन क्लस्टर वेगवेगळे निकाल देतात.
- रात्रीच्या रीइंडेक्सनंतर (डेटा नव्या इंडेक्समध्ये पुन्हा भरल्यानंतर) फॉलोअरच्या बाजूला थोडा वेळ सर्च रिकामा येतो किंवा निकाल दुप्पट दिसतात.
- लीडरची डिस्क कारण नसताना भरत जाते, किंवा आयएलएमचं (इंडेक्सांचं वय बघून ते आपोआप हलवणाऱ्या, पुसणाऱ्या व्यवस्थेचं) डिलीट एका पायरीवर अडकून बसतं.

आधी खात्री करा की बिघाड खरंच आहे

यात काही खर्च नाही. बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

कॅट इंडायसेसच्या तक्त्यातला डॉक्स-काउंट दोन्हीकडे लावून "फरक आहे" असं म्हणू नका. तो आकडा ल्यूसीनच्या (इलॅस्टिकसर्चच्या पोटातल्या सर्च लायब्ररीच्या) पातळीवरचा असतो, नेस्टेड (एकाच्या पोटातली) डॉक्युमेंटही त्यात मोजली जातात, आणि रिफ्रेश (नवा डेटा सर्चला दिसू लागणं) झाल्याशिवाय नवं काही त्यात येत नाही. त्यात भर म्हणजे ज्या शार्डवर (इंडेक्सच्या तुकड्यावर) ३० सेकंद कोणी सर्चच केला नाही आणि ज्याचा रिफ्रेश इंटरव्हल तुम्ही हाताने ठरवलेला नाही, तो शार्ड नेहमीचा रिफ्रेश थांबवून स्वस्थ बसतो. डीआरसाठी (संकटकाळची राखीव प्रत म्हणून) ठेवलेल्या फॉलोअरवर सर्च कोण करणार? त्यामुळे त्याचा आकडा जुनाच दिसतो आणि पहाटे अलार्म वाजतो. दोन्हीकडे हाताने रिफ्रेश मारा, मग काउंट एपीआयने मोजा. जुळलं तर बिघाड मॉनिटरिंगमध्ये आहे, ते सुधारा.

डिलीटेड डॉक्युमेंटची संख्या आणि स्टोअर साइझ मात्र जुळायची अपेक्षाच ठेवू नका. दोन्ही क्लस्टर आपापल्या वेळेला सेगमेंट (शार्डच्या आतल्या डेटाच्या फाइल) मर्ज करतात. त्याच कारणाने सर्चच्या निकालांच्या स्कोअरमध्येही दशांशात थोडा फरक पडतो, कारण डिलीट झालेलं पण अजून मर्जमध्ये न गेलेलं डॉक्युमेंट शब्दांच्या आकडेवारीत धरलं जातं.

स्टॅट्स वाचा, आणि दोनदा वाचा

फॉलोअर क्लस्टरवर सीसीआर स्टॅट्सची विनंती पाठवा. प्रत्येक शार्डचा एक मोठा तुकडा येईल. त्यातल्या मोजक्याच गोष्टी आधी बघायच्या.

पहिली म्हणजे लीडर ग्लोबल चेकपॉइंट आणि फॉलोअर ग्लोबल चेकपॉइंट. लीडरच्या प्रायमरी (मुख्य) शार्डवर होणाऱ्या प्रत्येक ऑपरेशनला एक क्रमांक मिळतो, मग ती भर असो, बदल असो वा डिलीट. ग्लोबल चेकपॉइंट म्हणजे जिथपर्यंतची ऑपरेशन्स त्या शार्डच्या सगळ्या इन-सिंक (अद्ययावत) प्रतींकडे पोचली आहेत तो क्रमांक. समजा लीडर ४८,२१,९०३ वर आहे आणि फॉलोअर ३१,०७,५५० वर. दोघांतला फरक म्हणजे लॅग. पण एकदा बघून काही ठरवता येत नाही. मिनिटभराने पुन्हा बघा. फरक कमी होत असेल तर फॉलोअर धापा टाकत का होईना धावतोय, त्याला हात लावू नका. फरक वाढत असेल तर तो मंद आहे, त्याचं औषध खाली आहे. आणि फॉलोअरचा आकडा एकाच जागी गोठला असेल तर तो थांबलाय. मग दुसरी गोष्ट बघायची.

ती म्हणजे फेटल एक्सेप्शन. हे फील्ड दिसलं की त्या शार्डचं रेप्लिकेशन बंद पडलेलं आहे आणि आपणहून सुरू होणार नाही. रीड एक्सेप्शन्स वेगळी. ती बहुतेक नेटवर्कची कुरकुर असते, त्यावर पुन्हा प्रयत्न होत राहतो. या दोघांची गल्लत केली की माणूस तासन् तास नेटवर्कवाल्यांशी भांडत बसतो.

टाइम सिन्स लास्ट रीड हा आकडा मिलिसेकंदात असतो. लीडरवर काही नवं नसेल तरी फॉलोअर साधारण मिनिटाभराची लांब विनंती लावून थांबलेला असतो, कारण रीड पोल टाइमआउट मुळात १ मिनिटाचा आहे. त्यामुळे हा आकडा साठ हजारांच्या आसपास खालीवर होणं नॉर्मल. तो काही लाखांवर गेला तर वाचनच बंद आहे.

हे सगळं आउटपुट एका फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे काहीही करायच्या आधी.

जोडणी, लायसन्स, परवानग्या

हे भराभर उरकता येतं.

रिमोट इन्फो एपीआयमध्ये कनेक्टेड ट्रू आहे का? नसेल तर आधी पोर्ट बघा. सर्टिफिकेटवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत ट्रान्सपोर्टचा ९३०० लागतो. नेहमीच्या एचटीटीपीचा ९२०० टाकला की जोडणी होत नाही. एपीआय की वापरणाऱ्या नव्या पद्धतीत मुळात ९४४३ असतो. पोर्ट बरोबर असेल तर सर्टिफिकेटची मुदत संपली आहे का ते बघा, आणि एकमेकांची सीए (सर्टिफिकेट देणारी संस्था) दोन्ही बाजूंना मान्य आहे का तेही. स्निफ मोडमध्ये आणखी एक गंमत होते: सीड नोडशी बोलणं होतं, पण तो बाकीच्या नोडांचे जे पब्लिश पत्ते देतो ते आतल्या नेटवर्कचे असतात आणि बाहेरून पोचता येत नाहीत. कंटेनरमध्ये किंवा नॅटमागे क्लस्टर असेल तर सरळ प्रॉक्सी मोड वापरा.

सीसीआर बेसिक लायसन्सवर चालत नाही, आणि योग्य लायसन्स दोन्ही क्लस्टरांवर लागतं. ट्रायल ३० दिवसांची असते. "महिनाभर छान चाललं आणि बंद पडलं" असं कोणी म्हटलं की मी आधी लायसन्सच विचारतो.

नोडचे रोल हाताने लिहिले असतील तर फॉलोअर क्लस्टरच्या प्रत्येक मास्टर रोलच्या नोडवर रिमोट क्लस्टर क्लायंट हा रोलही हवा, शिवाय डेटा आणि हा रोल दोन्ही असलेला निदान एक नोड हवा. कामाची वाटणी अशाच डेटा नोडांवर होते, त्यामुळे असा एकच नोड ठेवलात तर सगळा भार त्याच्या डोक्यावर. युजरच्या बाबतीत, लीडरवर रीड-सीसीआर आणि इंडेक्सवर मॉनिटर व रीड, फॉलोअरवर मॅनेज-सीसीआर आणि इंडेक्सवर मॉनिटर, रीड, राइट व मॅनेज-फॉलो-इंडेक्स, एवढं तपासा.

आवृत्ती: फॉलोअर क्लस्टर लीडरच्या बरोबरीचा किंवा नवा हवा. अपग्रेड करताना आधी फॉलोअर. उलट केलंत तर नव्या फॉरमॅटचे सेगमेंट जुन्या क्लस्टरला वाचता येणार नाहीत.

ऑटो-फॉलोने इंडेक्स उचललाच नाही

ऑटो-फॉलो पॅटर्न फक्त पुढे बनणाऱ्या इंडेक्सांना लागू होतो. पॅटर्न लावला त्या क्षणी जे इंडेक्स लीडरवर आधीच होते त्यांच्याकडे तो बघतही नाही. त्यांना एकेक करून फॉलो करावं लागतं. या एका गोष्टीमुळे अर्धे गैरसमज होतात.

नवा इंडेक्सही उचलला गेला नसेल तर स्टॅट्समध्ये वरच्या भागात रिसेंट ऑटो-फॉलो एरर्स असतात; न उचलण्याचं कारण तिथे स्पष्ट लिहिलेलं सापडतं. त्या नावाचा इंडेक्स फॉलोअरवर आधीच असणं हे नेहमीचं कारण. कोणीतरी ॲप्लिकेशन चुकून फॉलोअरच्या पत्त्यावर लिहितं, तिथे इंडेक्स आपोआप बनतो आणि फॉलोअरची जागा अडवतो.

सॉफ्ट डिलीट्स

इथून पुढे खरी तयारी सुरू होते.

फॉलोअर लीडरला विचारतो: "३१,०७,५५० पर्यंत माझ्याकडे आहे, त्यापुढे काय काय झालं ते दे." हे उत्तर द्यायला लीडरकडे इतिहास हवा, आणि त्यात डिलीट झालेलं आणि बदललेलंही आलं. सॉफ्ट डिलीट्स चालू असतील तर जुनं डॉक्युमेंट लगेच पुसलं जात नाही. खूण करून इंडेक्समध्येच ठेवलं जातं. बंद असतील तर इतिहास नाही, आणि इतिहास नाही म्हणजे सीसीआर नाही.

७.० पासून हे मुळातच चालू असतं, म्हणून लोक तपासत नाहीत. पण ही सेटिंग इंडेक्स बनवतानाच ठरते, नंतर बदलता येत नाही. ६.x मध्ये बनलेला आणि अपग्रेड होत ७.x मध्ये आलेला इंडेक्स तेव्हाचीच अवस्था घेऊन आलेला असतो. ७.x मध्ये जागा वाचवायला कोणी मुद्दाम बंद केलेलं असेल तेही तसंच पुढे येतं. इंडेक्सच्या सेटिंग्ज डिफॉल्टसकट मागवा आणि बघा. बंद असेल तर नवा इंडेक्स बनवून त्यात रीइंडेक्स करणं हाच मार्ग. पण तेवढ्याने थांबू नका. ज्या टेम्प्लेटमधून (नव्या इंडेक्सांच्या सेटिंग्जच्या साच्यातून) तो इंडेक्स बनला तो उघडा, नाहीतर पुढचाही तसाच बनेल.

रिटेन्शन लीज: "पॉज केलंय, काळजी नाही"

पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाचं मूळ सगळ्यात जास्त वेळा मला इथे सापडलंय, म्हणून जरा सविस्तर.

इतिहास कायमचा ठेवला तर डिस्क फुटेल. म्हणून प्रत्येक फॉलोअर शार्ड लीडरवर एक लीज घेतो: "इथून पुढचं पुसू नकोस, मला अजून वाचायचंय." फॉलोअर चालू असेपर्यंत लीजचं नूतनीकरण होत राहतं. तो गप्प झाला की लीज मुदतीपर्यंत टिकते आणि मग संपते. मुळातली मुदत १२ तास. त्यानंतर पुढच्या मर्जमध्ये जुनी ऑपरेशन्स पुसली जाऊ शकतात. फॉलोअर परत येऊन मागतो तेव्हा उत्तर मिळतं, "ऑपरेशन्स आर नो लाँगर अव्हेलेबल फॉर रेप्लिकेटिंग". आणि त्याच वाक्याच्या शेवटी लीजची मुदत वाढवायची सूचनाही असते, पण एवढ्या लांब ओळीचा शेवट वाचतो कोण!

आता बारा तासांचं गणित बघा. शुक्रवारी संध्याकाळी लिंक गेली आणि शनिवारी दुपारी लक्षात आलं, तर मुदत केव्हाच उलटून गेली. म्हणजे बिघाड दर वेळी सुट्टीला लागून येतो आणि लोक त्याला योगायोग म्हणतात.

त्याहून फसवा प्रकार पॉजचा. मेंटेनन्ससाठी रेप्लिकेशन पॉज करतात आणि समजतात की आता लीडर वाट बघेल. पॉज म्हणजे फॉलो करणारं टास्कच बंद, म्हणजे लीजचं नूतनीकरणही बंद. लीडरच्या दृष्टीने पॉज केलेला फॉलोअर आणि मेलेला फॉलोअर यांत काही फरक नाही. घड्याळ दोघांसाठी सारखंच चालतं.

मग मुदत किती ठेवावी? तुमच्याकडे जास्तीत जास्त किती वेळ लिंक किंवा क्लस्टर बंद राहून कोणाच्या लक्षात येणार नाही, तो काळ धरा आणि त्यावर दुरुस्तीचा वेळ. सुट्टीच्या दिवशी कोणी बघत नसेल तर बारा तास कमीच आहेत. पण आंधळेपणाने महिनाभरही ठेवू नका. फॉलोअर बंद असेल तेवढा वेळ लीडरवर डिलीटचा ढीग साठतो. सतत अपडेट होणाऱ्या इंडेक्समध्ये, म्हणजे साठा किंवा भाव क्षणोक्षणी बदलणारा कॅटलॉग वगैरे, हा ढीग झपाट्याने वाढतो आणि सर्चही जड होतो. फक्त भर पडत जाणाऱ्या लॉगच्या इंडेक्सला त्याचा फारसा त्रास नाही, तिथे मुदत सढळ ठेवा. आणि हा आकडा एकट्या इंडेक्सवर न लावता इंडेक्स टेम्प्लेटमध्ये लिहा.

वर लक्षणांमध्ये म्हटलेली आयएलएमची अडवणूकही यातूनच येते. लीडरवर डिलीट किंवा श्रिंक (शार्डची संख्या कमी) करण्याआधी आयएलएम एका पायरीवर थांबून लीज सुटल्या आहेत का ते बघतं. फॉलोअर क्लस्टर अनफॉलो न करताच बंद करून टाकला असेल तर त्या लीज मुदत संपेपर्यंत लटकत राहतात. तो क्लस्टर परत येणारच नसेल तर लीडरवर फर्गेट-फॉलोअर एपीआय वापरून त्या सोडवता येतात. तो खरंच परत येणार नाही याची खात्री करूनच.

अ‍ॅनालायझर आणि सिनॉनिम: संख्या जुळते, निकाल जुळत नाहीत

लॉग साठवणाऱ्यांना हा भाग सोडून देता येईल. सर्चवाल्यांना नाही. अ‍ॅनालायझर म्हणजे मजकूर शब्दांत तोडणारा भाग, आणि सिनॉनिम म्हणजे त्याला दिलेले समानार्थी शब्द.

फॉलोअर पहिल्यांदा बनतो तेव्हा लीडरचे सेगमेंट फाइल जशाच्या तशा कॉपी होतात. त्या सेगमेंटमधले शब्द लीडरने तोडलेले असतात. त्यानंतर मात्र ऑपरेशन्स येतात, म्हणजे मूळ डॉक्युमेंट येतं आणि ते फॉलोअरवर नव्याने इंडेक्स होतं. शब्द तोडायचं काम तिथले नोड करतात, तिथल्या प्लगइनने आणि तिथल्या सिनॉनिम फाइलने.

याचा परिणाम लक्षात घ्या. सिनॉनिम फाइल नोडच्या कॉन्फिग डिरेक्टरीत असते आणि ती रेप्लिकेट होत नाही. अ‍ॅनालायझरच्या सेटिंग्ज पलीकडे जातात, पण त्या ज्या फाइलकडे बोट दाखवतात ती फाइल नाही. फाइल नसेलच तर बरं, फॉलो करतानाच एरर येते आणि लगेच कळतं. खरी पंचाईत होते ती जुनी फाइल असेल तेव्हा. बूटस्ट्रॅपच्या (या पहिल्या कॉपीच्या) आधीची डॉक्युमेंट लीडरच्या शब्दांनी सापडतात, नंतरची फॉलोअरच्या, आणि एकाच इंडेक्सच्या पोटात दोन वागणुकी नांदतात. स्टॅट्समध्ये यातलं काहीही दिसत नाही, लॅगही शून्य असतो.

तपासणी सोपी आहे. अ‍ॅनालाइझ एपीआयला दोन्ही क्लस्टरांवर तोच अ‍ॅनालायझर आणि तोच मजकूर द्या, टोकन (तोडून आलेले शब्द) शेजारी शेजारी ठेवा. मजकुरात तुमच्या यादीतला अलीकडे घातलेला एखादा सिनॉनिम आणि विशेष चिन्हं असलेला एखादा शब्द जरूर असू द्या. आयसीयूसारखं अ‍ॅनालिसिस प्लगइन वापरत असाल तर प्रत्येक नोडवरची प्लगइनची यादीही मागवा. प्रत्येक नोडवर म्हणतोय, कारण मागून जोडलेल्या एखाद्या नोडवर ते राहून गेलेलं असतं, आणि शार्ड नेमका त्याच नोडवर गेला की बिघाड उगवतो, दुसरीकडे गेला की गायब.

फाइल वेगळी निघाली तर आधी ती दोन्हीकडे सारखी करा. सिनॉनिम फक्त सर्चच्या वेळी लागत असतील आणि फिल्टर अपडेटेबल असेल तर रीलोड सर्च अ‍ॅनालायझर्स एपीआयने काम भागतं. इंडेक्सच्या वेळी लागत असतील तर चुकीचे शब्द आधीच आत गेलेत. तो फॉलोअर नव्याने बांधावाच लागेल. म्हणूनच रेप्लिकेट होणाऱ्या इंडेक्सला सिनॉनिम सर्चच्या वेळीच लावावेत असं माझं ठाम मत आहे. नव्या आवृत्त्यांमध्ये एपीआयने क्लस्टरच्या आत ठेवलेले सिनॉनिम संचही सिस्टिम इंडेक्समध्ये असतात, आणि ऑटो-फॉलो सिस्टिम इंडेक्सांना हात लावत नाही. तेही दोन्हीकडे वेगळे भरायचे.

आणखी एक: लीडरवर अ‍ॅनालायझर बदलला, म्हणजे इंडेक्स बंद करून नवी सेटिंग घातली, की फॉलोअर आपणहून बंद होतो, सेटिंग लावतो आणि पुन्हा उघडतो. तेवढा वेळ त्याच्यावरचा सर्च बंद. फॉलोअरवरून युजरना निकाल देत असाल तर हे गर्दीच्या वेळी करू नका.

रीइंडेक्स, एलियस आणि स्नॅपशॉट

सर्च टीमची आवडती रीत: रात्री नवा इंडेक्स बांधायचा, एलियस (इंडेक्सचं टोपणनाव) जुन्यावरून नव्यावर फिरवायचा, जुना उडवायचा. एका क्लस्टरवर हा बदल एका झटक्यात होतो. सीसीआरमध्ये तसं नाही. फॉलो एलियसला करता येत नाही, खऱ्या इंडेक्सलाच करावं लागतं. नव्या आवृत्त्यांमध्ये एलियस लीडरवरून फॉलोअरवर येतात खरे, पण जुन्या इंडेक्सचं फॉलो टास्क वेगळं आणि नव्याचं वेगळं. जुन्यावरून एलियस निघणं आणि नव्यावर लागणं एकाच क्षणी होईल याची कोणी हमी देत नाही. मध्ये फट पडली की सर्चला एरर किंवा रिकामा निकाल, दोन्ही एकदम असले की दुप्पट निकाल. फॉलोअरवर हाताने लावलेला एलियसही टिकत नाही, लीडरचाच वरचढ ठरतो.

यावर मी असं सुचवतो: फॉलोअर क्लस्टरवर वाचणाऱ्या ॲप्लिकेशनला एलियसवर सोडू नका. इंडेक्सचं नाव कॉन्फिगमध्ये ठेवा आणि नव्या फॉलोअरचा चेकपॉइंट लीडरला गाठेपर्यंत ते बदलू नका. जुना इंडेक्स निदान पुढच्या रीइंडेक्सपर्यंत ठेवा.

नव्याला नेहमी नवं नाव द्या. तेच नाव ठेवून लीडर डिलीट करून पुन्हा बनवला, तर नाव तेच असूनही इंडेक्स वेगळा असतो. जुना फॉलोअर त्याला ओळखत नाही. लीडर स्नॅपशॉटवरून (बॅकअपवरून) परत आणला असेल तर एररमध्ये "अनएक्स्पेक्टेड हिस्ट्री यूयूआयडी" असे शब्द दिसतात. ही एरर त्रासदायक वाटली तरी ती तुम्हाला वाचवत असते: इतिहासाची साखळी तुटली आहे, पुढचे क्रमांक मागच्यांशी जोडू नका, असं ती सांगते. इथे फॉलोअर नव्याने बांधण्याला पर्याय नाही.

तुटलेला नाही, नुसता मंद आहे

लॅग वाढतोय पण फेटल एक्सेप्शन नाही, अशा वेळी राइट बफरचा आकार बघा. तो मुळातल्या ५१२ एमबीच्या मर्यादेला टेकला असेल तर वाचन पुरेसं वेगात आहे, फॉलोअरला लिहिणं झेपत नाहीये: डिस्क, सीपीयू, किंवा नको इतके रेप्लिका (शार्डच्या जादा प्रती). फॉलोअरचे रेप्लिका लीडरइतकेच असावेत असं बंधन नाही, ते कमी करून बघा. उलट बफर रिकामा आणि चालू रीड विनंत्या १२ च्या मर्यादेला टेकलेल्या असतील तर अडचण नेटवर्कची किंवा लीडरची. मग पॉज करून, वाचनाच्या विनंत्यांची मर्यादा वाढवून रिझ्यूम करा. एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

फॉलोअरच्या डिस्कचाही एक कटाक्ष टाका. ९५ टक्क्यांच्या फ्लड स्टेजला पोचली की इंडेक्सवर लिहिणं बंद होतं आणि फॉलोअर मागे पडत जातो. ७.४ पासून जागा मोकळी झाल्यावर हा अडसर आपोआप निघतो, त्याआधीच्या आवृत्तीत हाताने काढावा लागतो.

सगळं करून झालं, आता नव्याने बांधा

कारण सापडलं आणि दुरुस्त झालं, तरच. क्रम असा: फॉलो पॉज करा, फॉलोअर इंडेक्स क्लोज करा, मग त्याच नावाने पुन्हा फॉलोची विनंती द्या. फॉलोअरवरच्या जुन्या सेगमेंट फाइल पुसल्या जातात आणि सगळा डेटा पुन्हा येतो. तेवढा वेळ ती प्रत नाही असं धरून चाला.

वेळेचा अंदाज आधी काढा. या कॉपीचा वेग मुळात प्रत्येक नोडला सेकंदाला ४० एमबीवर रोखलेला असतो. एका नोडवर ५०० जीबी यायचा असेल तर सुमारे साडेतीन तास, तेही लिंक तेवढी रुंद असेल तर. ही मर्यादा वाढवता येते, पण लीडरवरून युजरचा सर्च चालू असेल तर त्याच्या वेगावर डोळा ठेवूनच. एका वेळी एकच मोठा इंडेक्स घ्या.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

काही ठिकाणी स्वतः प्रयत्न करू नयेत.

लीडरची हेल्थ लाल असेल, म्हणजे एखादा प्रायमरी शार्ड गायब असेल, तर फॉलोअर विसरा. त्या घडीला फॉलोअर ही तुमची कदाचित एकमेव धड प्रत असते. तिला अनफॉलो, डिलीट, क्लोज काहीही करू नका.

कोणी रीरूट करून स्टेल (जुना) किंवा एम्प्टी (रिकामा) प्रायमरी जबरदस्तीने लावायला सांगत असेल, किंवा खराब भाग कापून काढणारं शार्ड टूल चालवायला सांगत असेल, तर थांबा. त्या आज्ञांमध्ये डेटा गेला तरी चालेल हे मान्य करावं लागतं, आणि ते मान्य करायचा अधिकार बहुतेक वेळा आपला नसतो. लॉगमध्ये करप्शनचा उल्लेख दिसला तरी तेच.

फेलओव्हरमध्ये (लीडर बंद पडल्यावर काम फॉलोअरकडे हलवताना) फॉलोअर अनफॉलो करून लिहिता केला आणि दरम्यान जुना लीडरही लिहून घेत राहिला असेल, तर आता दोन खरे इंडेक्स आहेत. कुठल्या बाजूचं कुठलं लिखाण खरं, हे सीसीआर ठरवत नाही. त्यासाठी डेटाचा मालक, ॲप्लिकेशन लिहिणारा आणि अनुभवी अ‍ॅडमिन असे तिघं एकत्र बसवा. तोवर दोन्हीकडचं लेखन थांबवा.

आणि वरची प्रत्येक तपासणी स्वच्छ निघूनही फेटल एक्सेप्शन परत येत असेल, तर सपोर्टला तिकीट टाका. सीसीआर ज्या लायसन्समध्ये येतं त्यात सपोर्टचे पैसे बहुधा आधीच भरलेले असतात. तिकिटाबरोबर सुरुवातीला जपून ठेवलेलं स्टॅट्सचं आउटपुट, दोन्ही क्लस्टरांची आवृत्ती, रिमोट इन्फो, दोन्हीकडच्या इंडेक्स सेटिंग्ज आणि बिघाडाच्या वेळेच्या आसपासचे दोन्ही बाजूंच्या मास्टर आणि डेटा नोडांचे लॉग द्या. नोड रीस्टार्ट करण्याआधी हे गोळा करा. स्टॅट्समधले मोजणीचे आकडे टास्कबरोबर मेमरीत असतात, रीस्टार्ट झाला की शून्यापासून सुरू होतात.